अपूर्वचा निळा

आंब्याची बाग सोडून शेवाळ पिकवणारा मुलगा आपल्याच पोटी यावा, याचं राजाभाऊंना आधी हसूच आलं होतं. पण अपूर्वने बागेमागच्या कातळावर टाक्या बांधल्या, त्यांत हिरवंगार शेवाळ वाढवलं आणि त्यातून असा निळा रंग काढला, की पुण्याचे आइस्क्रीमवाले आणि मुंबईचे साबणवाले मागे लागले. मग काय, राजाभाऊ येईल त्याला टाक्या दाखवत सुटले.

गेल्या पावसाळ्यात लांज्याजवळ हायवेवर ट्रकने अपूर्वची दुचाकी उडवली, तो जागीच गेला. घरात कोणाचं कशात लक्ष राहिलं नाही, टाक्यांतलं शेवाळ नासून गेलं. फ्रीजमध्ये काळ्या कागदात गुंडाळलेली रंगाची एक बाटली तेवढी उरली. वाढदिवसाला निळ्या नारळवड्या करून देईन, असं अपूर्वने सानवीला, आपल्या लेकीला, कबूल केलं होतं. ते तरी पुरं व्हावं, एवढंच राजाभाऊंचं मागणं होतं.

त्यांनी बाटलीचा कागद सोलून काढला आणि ती देवघराच्या खिडकीत, समईशेजारी ठेवली. पोराची करणी अंधारात कशाला? सून स्वानंदी दारात उभी होती, पण काही बोलली नाही. सकाळचं ऊन बाटलीवर आलं की निळा असा उजळायचा, की राजाभाऊंना भरून यायचं. ते पुन्हा पूजेला बसू लागले, पूजेनंतर वाटीभर पेज घेऊ लागले. पुढेपुढे रंग फिका वाटायचा, तेव्हा आपल्याला मोतीबिंदू होतोय अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

वाढदिवसाला स्वानंदीने खोबरं आणि साखर आटवून खाली उतरवलं. गरमागरम मिश्रणात रंग घालायचा नाही, हे अपूर्वने सगळ्यांना बजावलेलं होतं. कोमट झाल्यावर राजाभाऊंनी स्वतःच्या हाताने बाटली रिकामी केली. मिश्रण पांढरं ते पांढरंच राहिलं.

"उजेडाने उडतो तो, अण्णा," स्वानंदी हळूच म्हणाली. "म्हणून तर काळा कागद होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही त्या दिवशी उठून आंघोळ केलीत. देवापुढे बसलात. माझ्याने नाही बोलवलं."

राजाभाऊंना राग आला होता, पण तो काढायचा कोणावर? त्यांनी वड्या तशाच थापल्या. सानवी ताट बघून हिरमुसली, बाबांचा रंग कुठे गेला म्हणून विचारत राहिली.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

"मी रोज बघून बघून संपवला गो," ते म्हणाले, आणि नातीदेखत पहिल्यांदाच रडले.