मोकळ्या चार मात्रा

तात्यांनी आयुष्यभरात विलंबित ख्याल बांधले, तराणे बांधले, दोन संगीत नाटकांची पदं केली. लोधिवलीच्या भजनी मंडळाच्या चाली त्यांच्याच. माथेरानच्या एका हॉटेलात पाहुणे आले की वाजणारी धून, शाळेची प्रार्थना आणि कर्जतच्या कचरागाडीचं गाणंही त्यांचंच. त्यांची नात नम्रता त्यांच्याकडेच गाणं शिकलेली; तिने त्यांच्या रचनांच्या कार्यक्रमासाठी फक्त ख्याल आणि तराणे निवडले. पत्रिकेवर मात्र ‘तात्यांच्या समग्र रचना’ असं छापलं.

“समग्र कुठंय यात?” तात्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरून विचारलं.

“वेळ पुरणार नाही, तात्या.”

खरं कारण वेगळं होतं. पुण्याहून बंदिशींची पुस्तकं काढणारे एक संपादक येणार होते. त्यांनी मनावर घेतलं, तर ऐंशीव्या वर्षी तात्यांचं पहिलं पुस्तक निघणार होतं.

कार्यक्रम सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये होता. नम्रता जौनपुरी गात होती, मागे तात्या तानपुऱ्यावर. रचनाकार बंदिशीत आपलं टोपणनाव गुंफतो, त्याला मुद्रा म्हणतात. उल्हास नदीच्या काठी जन्म गेला म्हणून तात्यांची मुद्रा ‘तीरदास’. नम्रता नेमकी त्या शब्दावर आली आणि खिडकीबाहेर कचरागाडीच्या कर्ण्यातून सुरू झालं, ‘ओलं इकडं, सुकं तिकडं, दारी आली गाडी गं!’ मागच्या रांगांत हसू फुटलं.

मध्यंतरात चहा घेताना संपादक म्हणाले, “ख्याल सुरेखच. पण ती गाडी! काय ती चाल! कुणी केली असेल हो?”

“कुणास ठाऊक,” नम्रता बशीकडे बघत म्हणाली. “असेल कुणीतरी हौशी.”

तात्या शेजारीच बिस्कीट बुडवत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“चाल फालतूच आहे,” ते संपादकांना म्हणाले. “आवाज मात्र बरा लागलाय पोरीचा.”

तिचे कान तापले. तो आवाज तिचा होता. या गाण्यातही तात्यांनी मुद्रा घातली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनेच ती काढायला लावली. “कचऱ्यात नाव कशाला घालता?” असं ती म्हणाली होती. तात्यांनी वाद घातला नाही. त्या चार मात्रा मोकळ्या ठेवल्या, तिथे नुसती पेटी वाजते.

मध्यंतरानंतर ती तराणा गायली. त्यात अर्थाचे शब्द नसतात, तेवढाच आधार. संपादकांनी पुस्तक काढायचं कबूल केलं. तात्या मनापासून खूश झाले. ते बघणंच तिला जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. तात्या सुक्या कचऱ्याची बादली घेऊन पुढे, नम्रता ओल्याची घेऊन मागे.

“काय तात्या, पुस्तक निघतंय म्हणं!” ड्रायव्हर दशरथ वाकून म्हणाला. “आपलं गाणं हाय ना त्यात?”

“नाय रं. पुस्तकात नाय मावत ते.”

“आन् काल तरी गायलं का नाय? आमी मुद्दाम हॉलपाशी आवाज वाढवला व्हता. म्हटलं, तात्यांचा मान हाय!”

तात्या हसले. “ऐकला ना. सगळ्यांनी ऐकला.”

नम्रताला रिकामी बादली कुठे ठेवावी कळेना. कर्ण्यातून तिचाच आवाज चालला होता. चार मात्रांची जागा आली, नुसती पेटी वाजू लागली. तिने तोंड उघडलं. समोरच्या ओट्यावर शेजारीण विमलकाकू उभ्या होत्या. “तीरदास,” ती म्हणाली, पण तोवर पेटी थांबून पुढची ओळ सुरू झाली होती.

“उशिरा आलीस,” तात्या म्हणाले. त्यांनी नळाखाली बादली धरली.

“दशरथभाऊ, परत एकदा लावता?”

“लावायचं काय, ताई? वाजतंच ऱ्हातंय ते.” त्याने गिअर टाकला. “पुढल्या गल्लीत या.”

गाडी वळणावर पोचली. नम्रताने बादली आपल्या ओट्याखाली ठेवली, चपला शोधल्या आणि विमलकाकूंच्या देखत गाडीमागे चालू लागली.