लाल रेघेपलीकडचा आवाज

दचकू नका, मीच बोलतोय. इकडे बघा, इंजिनाच्या वर, खांबाला ठोकलेल्या पट्टीवर. गोल काच, काळी तबकडी, पांढरे आकडे आणि एक काटा. माझं छापील नाव टॅकोमीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते मी सांगतो. पण या लाकडाच्या वखारीत मला सगळे नुसतं ‘काटा’ म्हणतात.

मी या इंजिनाबरोबर जन्मलो नाही. हे डिझेल इंजिन एका जुन्या ट्रकमधून आलं आणि मी दुकानाच्या कपाटातून. आमची सोयरीक जुळवली वखारीच्या मालकांनी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, तिच्यावरून वेग कळतो. डिझेलला ठिणगीच नाही. म्हणून मालकांनी बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरपासून एक बारीक तार माझ्यापर्यंत आणली. इंजिन पट्ट्याने आल्टरनेटर फिरवतं, आल्टरनेटर मला ठोके पाठवतो आणि ते मोजून मी वेग सांगतो. म्हणजे इंजिनाशी माझं थेट बोलणं कधीच झालं नाही. दुसऱ्याकडून ऐकायचं आणि पुढे सांगायचं. माणसंही असंच करतात म्हणा.

माझ्या पाठीला एक भोक आहे, आत चिमुकला स्क्रू. तो फिरवून मला खरं बोलायला शिकवावं लागतं. मालकांनी इंजिनाच्या पुलीवर चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवला, हातातल्या यंत्राचा प्रकाश त्यावर धरला आणि त्यात खरा वेग वाचत माझा स्क्रू केसाकेसाने फिरवला. ओठ मिटून गुणगुणत होते. काम मनासारखं होत असलं की त्यांना ती सवयच होती. मग माझ्या काचेवर, पंधराशेच्या आकड्यापाशी, लाल रंगाची रेघ ओढून त्यांनी बायकोला हाक मारली.

“हे बघ, लाकूड कापताना काटा या रेघेवर. पुढे नाही. करवतीचं पातं त्याहून जास्त सोसत नाही.”

“आणि गेला पुढे तर?”

“तर मी ओरडेन.”

“तुम्ही नसलात तर?”

“मी कुठे जातोय?”

गेले. एका दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत.

वखार बंद पडली. माझ्या काचेवर लाकडाचा भुसा साचला. मग एके दिवशी बाई पदर खोचून आल्या, सोबत त्यांचे दीर. घर चालायला हवं होतं. बाई इंजिन सांभाळणार, दीर पात्यासमोर उभे राहून लाकूड पुढे सरकवणार, असं ठरलं. पण आल्टरनेटर पडून पडून जाम झाला होता. दिरांनी भंगारवाल्याकडून दुसरा शोधून आणला. चांगला होता, फक्त त्याची पुली जुनीपेक्षा बोटभर मोठी होती.

“वहिनी, आल्टरनेटर बदलला की काटाही पुन्हा लावून घ्यावा म्हणतात.”

“तो ह्यांनी लावलाय, भावजी. त्याला कोणी हात लावायचा नाही.”

मोठी पुली सावकाश फिरते, मग ठोकेही कमी येतात. इंजिन धावत सुटलेलं असायचं आणि मला मात्र वाटायचं, अजून रेघ गाठायचीच आहे. बाई माझ्याकडे बघत वेग वाढवत राहायच्या. पहिल्या दिवशी मी रेघेवर पोचलो आणि वर छपरातून आवाज आला.

हं… हं… हं…

ओठ मिटून कोणीतरी गुणगुणत होतं.

बाईंचा हात तिथेच थांबला. दिरांच्या हातून लाकूड सुटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी वेग उतरवला, आवाज गेला. काटा रेघेवर आणला, आवाज आला.

तेव्हापासून बाई एकट्या राहिल्या नाहीत. सकाळी वेणी घालून यायच्या. इंजिन चालू असताना हळूच विचारायच्या, “काय हो, हा ओंडका आधी घेऊ का तो?” आणि थोडं थांबून, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायच्या. दिरांची वेगळीच तऱ्हा. ते छपराकडे चुकूनही बघायचे नाहीत.

“वहिनी, दादा जिवंतपणी मला एवढा हाकत नव्हता. चहाला बसलो की गप्प, कामाला लागलो की सुरू!”

“बरंय की. तुमच्यावर कोणीतरी नजर ठेवायलाच हवी.”

हसायचे दोघं, पण दिरांच्या हातावर काटा उभा राहिलेला मला इथून दिसायचा.

पुढे फळ्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या. करपल्याचा वास यायचा. दोघं म्हणायचे, लाकूड ओलं असेल. इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा कुठे फिटरला बोलावलं. त्यानं पुलीवर चमकती पट्टी लावली, प्रकाश धरला आणि हातातलं यंत्र दोनदा पुसून पाहिलं.

“ताई, काटा पंधराशे म्हणतोय. इंजिन अठराशेनं पळतंय.”

इंजिन बंद करून त्यानं पातं पुसलं. एका दाताच्या मुळाशी केसासारखी चीर होती.

“यासमोर उभं कोण राहतं?”

“मी,” दीर म्हणाले.

फिटर त्यांच्याकडे बघतच राहिला. “हे फुटलं असतं ना, तर तुम्हाला बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नसता. आजच्या आज हे काढा. आणि आधी तो काटा लावून घेऊ.”

त्यानं पेचकस काढला तशा बाई मधे आल्या. “वेग उतरला तर तो आवाज जाईल?”

“कुठला? तो वरचा सैल पत्रा? जाणारच. या वेगालाच थरथरतो तो.”

बाई छपराकडे बघत राहिल्या. मग दीरच म्हणाले, तेही खाली बघत, “वहिनी, राहू दे तसंच. नवीन पातं आणू. मी जरा बाजूला उभा राहत जाईन.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पत्रा म्हटल्यावरही आवाज राहू दे म्हणणारा हा भित्रा माणूस. “बाजूला उभं राहून लाकूड कापता येतं होय, भावजी?” आणि फिटरपुढे हात केला. “द्या तो पेचकस इकडे. मला दाखवा कसं ते.”

पात्याचा पट्टा उतरवला, इंजिन पुन्हा अठराशेवर नेलं. वर गुणगुणणं सुरू झालं. बाईंची बोटं माझ्या पाठीशी आली, थंडगार.

“उजवीकडे, ताई. हळूहळू.”

केसाकेसाने त्यांनी मला फिरवलं. मी रेघ ओलांडली, सोळाशे, सतराशे, अठराशे. तेवढा वेळ ते वर गुणगुणत होते. मग फिटरनं वेग उतरवला, मी रेघेवर आलो आणि वखारीत नुसतं इंजिन राहिलं.

आता मी खरं सांगतो. कडा काळ्या पडत नाहीत, दीर बिनधास्त उभे राहतात. बाई मात्र इंजिन चालू असताना काही विचारत नाहीत.

फक्त सकाळी, पात्याचा पट्टा चढवण्याआधी, त्या इंजिनाला एकदा जरा जास्त डिझेल देतात. मी रेघेच्या पुढे जातो. वर एक ‘हं’ उमटतो. बाई वेग उतरवतात आणि दिरांना म्हणतात, “चढवा पट्टा.”

मी आता जुना झालो, काचही धुरकटली आहे. उद्या कोणी मला काढून नवा काटा लावेल, लावू देत. पण इथे कामाला जो कोणी येईल त्याला माझी एवढीच विनंती. छपराचा तो पत्रा सैल दिसेल. बाई येत आहेत तोवर त्याला खिळा मारू नका.