दाराबाहेरचे बाक

बैठकीच्या खोलीबाहेर, खिडकीखाली, एक लाकडी बाक होते. त्याचे पॉलिश एकाच टोकाला उडाले होते. डाव्या टोकाला, साधारण दोन विती रुंदीपुरते. बाकीचे बाक नव्यासारखे चकचकीत. कारण साधे होते. उजवे टोक दाराला लागून होते आणि तिथे बसले की आतले बोलणे ऐकू येई. या बाकावर बसणाऱ्याने ते ऐकायचे नसे.

संभाव्यताशास्त्राच्या त्या जर्नलचा हा जुना रिवाज होता. ज्या शोधनिबंधाचा निर्णय व्हायचा त्याचा लेखक कुणा संपादकाचा विद्यार्थी, सहलेखक किंवा नातलग निघाला, तर त्या संपादकाने उठायचे, नाते मोठ्याने सांगायचे आणि निकाल लागेपर्यंत बाहेर जाऊन बसायचे. मॅट्रिक्सवाले सर तिथे बसून हक्काची डुलकी काढत. त्यांचे विद्यार्थीच इतके होते, की बाकाच्या झिजलेल्या भागातला निम्मा त्यांच्याच खात्यावर जमा होता. नेटवर्कवाली तिथे बसून घरी फोन करी. रांगवाली मात्र त्या बाकावर कधीच बसली नव्हती.

ही नावे ज्याच्या त्याच्या विषयावरून पडलेली. रांगवालीचा विषय रांगांचे गणित: खिडकी एक, माणसे दहा, तर अकराव्याने किती वेळ उभे राहायचे. ती जर्नलची कार्यकारी संपादक होती. शिकवायला तिच्याकडे कुणी नव्हते, आणि तिने जे काही लिहिले ते एकटीने. परीक्षकांकडे पडून राहिलेले निबंध सोडवून आणणे हे तिचे मुख्य काम, आणि त्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तिची स्मरणपत्रे अतिशय सभ्य असत. पण ती वाचून माणूस हातातला घास खाली ठेवून अभिप्राय लिहायला बसतो, असे मॅट्रिक्सवाले म्हणत.

त्या महिन्यात ती जर्नलच्या चाळीस वर्षांचा आढावा लिहीत होती. कुठले विषय आले, कुठले गेले. सुरुवातीच्या अंकांत जिकडेतिकडे रांगा: टेलिफोनच्या, बंदरातल्या जहाजांच्या, दवाखान्यातल्या. मग रस्ता चुकल्यासारखी कुठेही पावले टाकत फिरणाऱ्या बिंदूंचे दिवस आले. मग मॅट्रिक्स, आणि आता सगळीकडे नेटवर्क. निबंध लांबत गेले होते. पूर्वी दहा पानांत आटोपणारे काम आता साठ पाने खाई. एकट्याने लिहिणारे तर जवळजवळ संपलेच. एका निबंधावर तीन-चार नावे नसली तर चुकल्यासारखे वाटे. रांगांचा आलेख उतरत उतरत जमिनीला टेकला होता. गेल्या वर्षी रांगांवर एकही निबंध आला नव्हता. यंदा एक आला होता.

तो छत्रीवाल्यांचा होता.

छत्रीवाले हे नाव तिच्या भाचरांनी ठेवलेले. ते तिच्याबरोबर शिकलेले आणि दुसऱ्या गावी शिकवणारे. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या भावाच्या घरी येत, जाताना छत्री विसरत आणि ती न्यायला पुन्हा येत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तिला लग्नाचे विचारले होते. ती म्हणाली होती, विचार करून सांगते. त्यानंतर आईचे आजारपण झाले. मग भाचीची परीक्षा, मग घराचे काम, मग जर्नलची चाळिशी. एक कारण खिडकीशी पोचून निकाली निघाले, की मागे दुसरे उभेच. नकार तिला द्यायचा नव्हता. होकार दिल्यावर माडीवरच्या आपल्या खोलीचे, टेबलाचे, संध्याकाळच्या शांततेचे काय होईल, याची पुरेशी माहिती तिच्याकडे नव्हती, एवढेच.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ते आले. वहिनीने ताट वाढता वाढता सुरुवात केली.

"छत्री कोपऱ्यात आहे भाऊजी. आधीच्या दोन्हीही तिथेच आहेत. आता दुकान काढा."

"भाव ठरायचाय," ते म्हणाले.

"ठरवणार कोण? आमच्या वन्सं लोकांना पत्रं पाठवतात, अभिप्राय लवकर द्या म्हणून. एकदा मलाही कागद आणून द्या. मीही एक पत्र लिहीन म्हणते, यांच्याच पत्त्यावर."

"वहिनी, भाजी करपतेय," रांगवाली म्हणाली.

"गॅस कधीच बंद केलाय."

भाऊ ताटात बघून हसला. ती उठून पाणी आणायला गेली, तसे छत्रीवाले मागोमाग ओट्यापाशी आले.

"पेपर पोचला ना?"

"त्याबद्दल मी लेखकाशी घरात बोलत नाही."

"बरोबर आहे. मग मी इथे कोण म्हणून उभा आहे, तेवढं सांग. म्हणजे त्याबद्दल बोलता येईल."

तिने तांब्या नळाखाली धरला. तांब्या भरून वाहू लागला, तेव्हा त्यांनीच हात पुढे करून नळ बंद केला. त्या रात्री जाताना ते छत्री आठवणीने घेऊन गेले. तिन्ही. वहिनीने रिकामा कोपरा तिला दाखवला. या वेळी तिने थट्टा केली नाही, आणि तेच रांगवालीला जास्त लागले.

निबंध तिने वाचला होता. तो रांग सोडून जाणाऱ्या माणसांवर होता. उभ्या असलेल्याला आपली खरी स्थिती अधूनमधून कळत राहिली, तर लांबलचक रांगेतही तो टिकतो. काहीच कळले नाही, तर छोट्या रांगेतूनही एक दिवस निघून जातो. सिद्धता तिने दोनदा तपासली. कुठेही भोक नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सकाळपासून मॅट्रिक्स आणि नेटवर्क चालले होते. शेवटी मुख्य संपादकांनी चष्मा पुसला.

"आता हा एकच राहिला. रांगांचा. एक परीक्षक म्हणतो घ्या. दुसरा म्हणतो चूक नाही, पण विषय जुना झाला, आता कोण वाचतं."

"पानंही बावीसच," मॅट्रिक्सवाले म्हणाले. "आणि लेखक एकटाच. हा माणूस कुठल्या काळात राहतो?"

"रांगा आपल्यात एकट्या तुम्हालाच कळतात," मुख्य संपादक रांगवालीकडे वळले. "तुम्ही म्हणाल ते."

तिने समोरची टाचणे सरळ केली. 'घ्या' एवढे म्हटले असते तरी काम झाले असते. कुणी काही विचारले नसते. विषयातली सगळी माणसे एकमेकांच्या ओळखीची, आणि नुसत्या ओळखीसाठी बाहेर जावे लागत नाही. आणि ती बाहेर गेली तर या निबंधाच्या बाजूने बोलणारे आत कुणीच उरणार नव्हते. जर्नलमधल्या रांगा आजच संपल्या असत्या, त्याही त्यांच्याच निबंधावर. ओळखीचे. तिने तो शब्द मनात म्हणून पाहिला. चुकीचा आकडा लिहून गेल्यावर बोटांना जाणवते, तसे काहीतरी जाणवले. कोपऱ्यातून गेलेल्या तीन छत्र्या आठवल्या.

मग तिला असेही दिसले, की तिची खोली, टेबल आणि शांतता यांबद्दलची माहिती आणखी सहा वर्षे थांबून काही वाढणार नव्हती.

तिने टाचणे पालथी घालून पिशवीत ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"कुठे निघालात?" मुख्य संपादक म्हणाले. "चहा यायचाय."

"बाहेर. बाकावर."

"बसा हो," मॅट्रिक्सवाले म्हणाले. "ती माझी जागा आहे. तुम्हाला ना विद्यार्थी, ना सहलेखक."

"नियमात तिसरंही एक आहे, सर."

नेटवर्कवालीने मान वर केली. तिच्या पुढ्यातल्या याच निबंधाच्या समासात पेन्सिलीच्या बारीक बारीक बरोबरच्या खुणा होत्या, पार शेवटच्या पानापर्यंत. रांगवालीला त्या दिसल्या, पण त्या आधी दिसल्या असत्या तरी ती उठलीच असती.

"नातं मोठ्यानं सांगावं लागतं," मुख्य संपादक हळूच म्हणाले. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

रांगवालीने दाराच्या कडीवर हात ठेवला. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा स्वच्छ निघाला.

"लेखकाशी मी लग्न करणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण नियमाप्रमाणे आधी इथे सांगायला हवं."