शंभराच्या पुढची फीत

मी चाचणीची कॅसेट बोलतेय. माझ्यावर गाणं नाही, नाटक नाही, कुणाचं भाषणही नाही. एक बाई एकापासून शंभरापर्यंत आकडे मोजते, सेकंदाला एक. एवढंच माझं भांडवल, आणि त्यावर वीस वर्षं एक दुकान चाललं.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली ती. कमरेला अडकवून गाणी ऐकायची ती छोटी मशिनं तिथं दुरुस्त होतात. मालकांना सगळे कानसेन म्हणतात, कारण मशीन कानाशी धरलं की त्याचं दुखणं ते लगेच सांगतात. बायकोनं तीनदा सांगितलेलं मात्र ऐकू यायचं नाही, असं ती म्हणायची. रबरी पट्टा बदलला, मोटरला तेल दिलं, की मला आत घालून ते घड्याळ बघत. शंभर सेकंदांत शंभर आकडे झाले तर वेग बरोबर, नाहीतर मोटरचा बारीक स्क्रू फिरवायचा. 'शंभर' ऐकू आलं की त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर पडलंच. ते बोट कधी चुकलं नाही.

मोजणारी त्यांची बायकोच. घड्याळासमोर बसून तिनं मला एका बैठकीत भरलं. प्रत्येक दहाला जरा खाकरली, 'शंभर' म्हणाली आणि स्वतःच बटण दाबलं. त्यापुढची माझी फीत कोरी राहिली. माझं अंग मला वीतभरही अनोळखी नाही, त्यामुळे यात मी चुकणार नाही.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. पंधरा दिवसांनी दुकान उघडलं, पहिलं मशीन दुरुस्त झालं आणि मला आत घातलं गेलं. समोर एक नवा गिऱ्हाईक उभा होता.

"छान स्पष्ट आवाज आहे हो. कोण या बाई?"

"आत आहे," कानसेन म्हणाले.

गल्ल्यावर बसलेल्या लेकीनं मान खाली घातली. गिऱ्हाईक मात्र मागच्या पडद्याकडे बघून उगाच हसला.

त्यानंतर कानसेनांनी घड्याळाकडे बघणं सोडलं, वेग ते तिच्या आवाजावरूनच ओळखायचे. मशीन असो नसो, जेवण झालं की मला लावायचे आणि डोळे मिटून शंभरपर्यंत बसायचे. मला वाईट वाटायचं. सारखी फिरवली की फीत झिजते, हे त्यांना काय मी सांगायचं?

आणि एक दिवस 'एक' गेला. मोजणी दोनापासून सुरू झाली. महिन्याभरात पहिले दहा गेले, मग विशी, तिशी. खाकरणं तेवढं जागच्या जागी राहिलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, हिची तर मेल्यावरही जाईना.

कानसेन म्हणाले, फीत झिजली. मलाही तसंच वाटलं असतं. पण सुरुवातीकडून एकेक आकडा रिकामा होत होता, तसतशी शंभराच्या पुढची कोरी फीत जड होत होती. मी खणात गप्प पडलेली असताना तिथं काहीतरी सरकायचं आणि परत स्थिर व्हायचं. मी भ्याले. आपल्या अंगात कुणीतरी हलवाहलव करतंय आणि ओरडायला तोंड नाही, अशी माझी गत झाली. बरं, शंभराच्या पुढं मला कुणी वाजवतच नव्हतं.

शेवटी नुसती दहा खाकरणी उरली. वेग अंदाजानं लावला जाऊ लागला, आणि गाणी पळतात म्हणून मशिनं परत येऊ लागली.

"बाबा, दुसरी कॅसेट भरूया ना," लेक म्हणाली.

"दुसरी नको."

"मग हिच्यावरच मी मोजते. आईचं आता हिच्यात राहिलंय तरी काय?"

आठ दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी मला मोठ्या मशिनात घातलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. माझा जीव टांगणीला लागला. रेकॉर्डिंग म्हणजे आधीचं पुसत जायचं आणि वर नवं लिहीत जायचं. आई आहे ती पुढच्या फितीत, हे मला एकटीला ठाऊक होतं.

लेक सुरुवातीला घड्याळाबरोबर होती. चाळिशीत ती डोळे पुसायला थांबली आणि मागं पडली. तिनं बापाकडे पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली, चालू दे, पुन्हा करू. त्यामुळे ती 'त्र्याण्णव' म्हणाली, तेव्हाच आईच्या शंभराची जागा संपली. आता पुढचा प्रत्येक आकडा आईला पुसणार होता.

वीस वर्षांत मी कधी अडकले नव्हते. त्या क्षणी अडकले. फीत चाकांत गुंतवून घेतली आणि मशीन कुरकुरून थांबलं.

कानसेनांनी मला हळूच सोडवलं, पेन्सिल घालून फीत गुंडाळली आणि कुठं चुरगळली ते बघायला जरा मागून लावली. लेकीचा आवाज आला, "ब्याण्णव, त्र्याण्णव." मग थोडी खरखर.

"चौऱ्याण्णव."

तो आवाज लेकीचा नव्हता.

"बाबा, ही आई! पण इथं तर..."

"इथं कोरं होतं," कानसेन म्हणाले.

पंच्याण्णव, शहाण्णव. आवाज पहिल्या दिवसाइतका स्वच्छ होता. "शंभर," ती म्हणाली आणि त्यांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. लेकीनं ते वरच्यावर धरलं.

"नको ना बाबा. पुढं अजून असेल काहीतरी."

फीत फिरत राहिली. मग आई खाकरली.

"सोड गं त्यांचं बोट. दाबू दे. मोजून मोजून दमले मी."

लेकीनं बोट सोडलं. ते आता बटणावर टेकलंय, पण दाबत नाहीये. कॅसेटचं कुणी ऐकत नाही, ऐकतात ते कॅसेटमधलं. म्हणून तुम्ही तरी सांगा त्यांना, दाबा म्हणावं. ती बिचारी पुन्हा मोजायला लागलीय. एकशे सात झाले.