शिर्डी गाडी आणि चपलेचा अंगठा

आमच्या ह्यांनी अख्खी नोकरी दुसऱ्यांना गाड्यांत बसवण्यात घालवली. मिरजगावच्या एसटी स्टँडवर हे कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता येणार, कुठं जाणार, सगळं तोंडपाठ. पण स्वतःच्या बायकोला घेऊन कधी जामखेडपर्यंत गेले असतील तर शपथ. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मंग गाड्या कोन सोडनार?" जसं काही ह्यांनी हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हरांना रस्ताच सापडणार नव्हता.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर रिटायर झाले. पाडव्याला मी ओवाळलं आणि ताटात काय पडतंय ते बघत उभी राहिले. ह्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "साळू, औंदा साडी न्हाई. औंदा तुला वरीसभर हिंडवतो."

"कुठं?"

"ते गाडी ठरवंल."

नियम त्यांनीच केला. मनात आलं की पिशवी उचलायची, स्टँडवर जायचं आणि बसायला जागा असलेली जी गाडी पहिली येईल तिच्यात चढायचं. उतरायचं कुठं, ते एका खेपेला त्यांनी सांगायचं, दुसऱ्या खेपेला मी. दुसऱ्यानं हूं की चूं करायचं नाही. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण खूळ वर्षभर टिकलं आणि मलाच त्याची गोडी लागली.

यंदाच्या पाडव्याला सकाळीच ओवाळून झालं तरी ताट रिकामंच. "ओवाळणी हाय, पन ताटात ठेवन्यासारखी न्हाई," म्हणाले आणि चकल्यांची ताटली घेऊन ओट्यावर जाऊन बसले. मीही चहा घेऊन गेले. योगेशला, म्हणजे आमच्या मुलाला, कंपनीत रजा मिळाली नव्हती. घरात आम्ही दोघंच. वर्ष पुरं झालं होतं, तेव्हा उजळणी होणारच.

"खर्ड्याची रात आठवती का?" मीच काढलं.

"किल्ला बगितला की न्हाई?"

"किल्ला बगितला, अन् रातभर देवळाच्या फरशीवर डासबी बगितले. संध्याकाळची गाडी हाय म्हनून छाती ठोकून सांगत हुता."

"हुतीच की. मी रिटायर झालो अन् डेपोवाल्यांनी टाइमटेबल बिगडवलं."

खर्ड्याच्या फाट्यावर हे अंधार पडेपर्यंत रस्त्याकडं बघत उभे होते. गाडी येणार नाही, हे तिथल्या पानटपरीवाल्यानं दोनदा सांगितलं. ह्यांनी त्यालाच गाड्यांबद्दल चार गोष्टी शिकवल्या.

मग त्यांची पाळी. पैठणला मी फेरीवाल्याशी घासाघीस करत बसले आणि परतीच्या तीन गाड्या गेल्या, हे त्यांनी सांगितलं. मी हिवरे बाजार काढलं. तिथं ग्रामसभा भरली होती. हे सावली बघून शेवटच्या रांगेत बसले आणि ठरावाला सगळ्यांबरोबर हात वर केला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, तुमचं घर कंचं?" ह्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मी पदरात तोंड घालून हसत होते.

"ठराव चांगला हुता," हे अजून म्हणतात.

असं हसत-खिदळत दोन ताटल्या संपल्या. मग ह्यांनी कपबशी खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आनि शिर्डी गाडी?"

मी रिकाम्या ताटल्या एकात एक घालायला लागले.

करमाळा-शिर्डी गाडी आमच्या स्टँडवर सकाळी येते. नगरवरून पुढं राहात्याला जाते. राहात्यापासून जरा आत, पेरूच्या बागांत, माझं माहेर. आई-वडील गेले. आता तिथं धाकटा भाऊ पुंजाराम आणि वहिनी पुष्पावती. सहा वर्षं झाली, मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

कारण ऐकलं तर कुणी हसेल. पुंजाची मुलगी दीपा, माझी एकुलती एक भाची. तिच्या लग्नाचं आवतण द्यायला भावानं यायचं असतं. दारात बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं, आत्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या. आमच्यात आत्याचा मान मोठा. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? पत्रिका, कुंकवाची पुडी आणि नारळ एका पिशवीत घातले, तोंड सुतळीनं बांधलं आणि शिर्डी गाडीचा कंडक्टर बन्सी, त्याच्या हातात दिली. "दाजी तर स्टँडवरच असत्यात," म्हणाला म्हणे. आता त्याची सोय बघा! आणि आमचे कंट्रोलर त्याहून वरचढ. त्यांनी ती पिशवी आलेल्या पार्सलांत लिहून, सही करून उतरवून घेतली. रात्री घरी आले आणि म्हणाले, "राहात्याचं पार्सल आलंय."

मी लग्नाला गेले नाही. ह्यांनाही जाऊ दिलं नाही. आत्याच आली नाही म्हणून पुंजा रुसला. तेव्हापासून दिवाळीला मला न्यायला मुराळी येणं बंद झालं. भावानं न्यायला आल्याशिवाय बहिणीनं माहेरी जायचं नसतं, आणि मी ती रीत घट्ट धरून बसले. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. मला धडधाकट भाऊ आहे आणि सहा वर्षं मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत होते. दर वेळी हे मागून म्हणायचे, "बग, काई टाकतोय का ताटात." मी हसायचे. पण ओवाळून झालं की मला जेवण जात नसे, हेही खरं आहे.

"शिर्डी गाडीचं काय?" मी शेवटी म्हटलं.

"काई न्हाई. आपलं इचारतो. वरीसभर बाकीच्या गाड्यांना तुझी चप्पल शाबूत. पन मी उतरायचं ठिकान सांगायची पाळी आली, अन् शिर्डी गाडी लागली, की हिच्या चपलेचा अंगठा तुटायचाच. मंग आपन बसायचं पारावर, अंगठा शिवत. तवर गाडी गेली."

"चप्पल जुनी हाय."

"तसं आसंल," म्हणाले आणि उठून आत गेले. पलंगाखालची माझी पत्र्याची पेटी ओढत बाहेर आणली. मी नको नको म्हणेपर्यंत झाकण उघडून एकेक वस्तू ओट्यावर मांडायला लागले.

आधी घुंगरमाळ निघाली. काष्टीच्या बैलबाजारातली. "आपल्याकडं बैल कुठं बांधलाय गं?"

मग अडकित्ता, बार्शीचा. "तू सुपारी खात न्हाईस. मी खात न्हाई. मंग कोन खातं?"

मग पैठणची कुंची, जरीचा काठ लावलेली, एवढीशी. ती त्यांनी स्वतःच्या मुठीवर चढवली आणि माझ्यापुढं नाचवली. "ही कुनाला? मला तर बसत न्हाई."

पुंजाला बैलांचा नाद आहे. सुपारी त्याच्या तोंडातून हलत नाही. आणि दीपाला मुलगा झाल्याचं मला बन्सीकडून कळलं होतं. वर्षभर मी प्रत्येक गावात काहीतरी घेत होते आणि गुपचूप पेटीत टाकत होते. मला वाटत होतं, ह्यांचं लक्ष गाड्यांकडं आहे.

मला एकदम भरून आलं. "मला जायाचंय," मी म्हणाले. "रोज वाटतंय जावं. पन न बोलावता कशी जाऊ? मूळ आल्याशिवाय कशी जाऊ? दारात गेले अन् त्यानं तोंड फिरवलं तर मी जित्तीपनी मरंन."

ह्यांनी कुंची घडी करून ठेवली. डोक्यावर टोपी घातली, पिशवी काखोटीला मारली, पायरी उतरले आणि फाटकाबाहेर गेले. मला वाटलं, रागावले. तर फाटकाची कडी वाजली.

"घरात हाय का कोन?"

"आता काय नवीन?"

"राहात्यावरनं आलोय. पुंजारामच्या घरचा मुराळी. बाईला न्ह्याला आलोय," म्हणाले आणि शहाण्या पाहुण्यासारखे ओट्याच्या कडेला टेकले. "आधी गूळ-पानी द्या. लांबनं आलोय."

"तुमाला कोन धाडलं?"

"आज तुमची आई असती तर तिनंच धाडलं असतं. बाकी मालकांना मी इचारलंय. ते म्हनत्यात, खुशाल न्ह्या, लई बोलती."

मी हसत होते आणि डोळे पुसत होते. शेवटी खरंच गूळ-पाणी आणून दिलं. मुराळ्यानं गूळ खाल्ला, पाणी प्यायलं आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या पायांशी ठेवलं. नवी कोल्हापुरी चप्पल होती.

"ही ओवाळणी. ताटात कशी ठेवनार? अंगठा मी सोता ओढून बगितलाय. शिर्डीपत्तूर तुटत न्हाई."

स्टँडवर शिर्डी गाडी आली, तेव्हा माझी नजर सवयीनं खाली पायांकडं गेली. हे मागून म्हणाले, "चढा बाई, चढा." पाळी त्यांची होती.

नगर गेलं, राहुरी गेली. हे नेहमीसारखे मला गाड्यांबद्दल सांगत होते. मी नेहमीसारखी ऐकत नव्हते. राहाता आलं तसं म्हणाले, "उतरा," आणि मी हूं की चूं केलं नाही. नियमच होता तसा.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पुंजा बांधाजवळ पेरूच्या पाट्या भरत होता. केस पांढरे झाले होते; मला धक्का बसला. माझ्या मनातला पुंजा अजून सहा वर्षांपूर्वीचाच होता. त्यानं मान वर केली, आधी ह्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. हातातला पेरू पाटीत टाकला, पाठ फिरवली आणि तरातरा घरात निघून गेला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. पेटीतल्या वस्तूंची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"चला माघारी," मी म्हणाले.

तेवढ्यात पुंजा बाहेर आला. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात धुतलेला सदरा, गुंड्या वरखाली लावलेल्या, पायांत वहाणा, हातात एक पिशवी. गावाला निघाल्यासारखा तडक आमच्या दिशेनं चालत आला.

"कुठं निगाला?" ह्यांनी विचारलं.

"मिरजगावला," पुंजा म्हणाला. "भनीला आनाया. उद्या भाऊबीज हाय." मग माझ्यापुढं येऊन थांबला. म्हणाला, "आक्का, तू वाटंतच घावलीस."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लाज वाटली नाही. तोही रडत होता आणि टोपी सांभाळत होता. म्हणाला, "दर साली निगत हुतो गं. राहात्याच्या स्टँडपत्तूर जात हुतो. वाटायचं, तू दारातनं लावून देशील."

"अन् तिथनं दिवाळीचे फटाके घिऊन माघारी," वहिनी म्हणाली. ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं तुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी हिसकून उलटी केली. खताची रिकामी पिशवी होती ती. "भनीला न्ह्याला हे घिऊन निगाला व्हय?"

"गडबडीत हाताला घावली ती घेतली," पुंजा म्हणाला.

"सुतळी न्हाई का बांधली तोंडाला?" मी विचारलं. क्षणभर तो कावराबावरा झाला. मग माझं तोंड बघून त्याला हसू फुटलं.

घराच्या दारात पोचेपर्यंत त्यानं सहा वर्षांचं बोलून घेतलं. घुंगरमाळ बघितल्यावर उरलेलं बोलला. दीपाही पोराला घेऊन आली होती. कुंची पोराला बरोब्बर बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाटावर बसलेल्या पुंजाला ओवाळत होते. बाहेर पेरूच्या झाडांवर बीजेची बारीक कोर आली होती. हे दारात उभे राहून तिच्याकडं बघत म्हणाले, "साळू, ह्याला कळवायचं राह्यलं की. औंदा बिचारा मिरजगावच्या अंगनात वाट बगत बसंल."

मी तबक खाली न ठेवताच म्हणाले, "मंग धाडा की निरोप. बन्सीच्या हातनं."