डिशच्या तळावरचा नंबर

भोंग्याचा आवाज बसला तेव्हा घरात आधी सगळ्यांना हसूच आलं. फळबाजारात बावीस वर्षं लिलाव पुकारणारा माणूस तो. सकाळी सहाला त्याने तोंड उघडलं की बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत घड्याळं लावून घेत. आईने पाळण्यात ठेवलेलं नाव कधीच मागे पडलं होतं, सगळं गाव त्याला भोंगा म्हणे. दोन महिने झाले तरी आवाज उघडेना, तेव्हा त्याची थोरली बहीण त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर, कॅन्सरच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घशातल्या गाठीचा तुकडा तपासून आला आणि हसणं थांबलं.

सर्जन म्हणाले, स्वरयंत्र काढू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, तेहेतीस बैठका देऊन पाहू, आवाज राहील. भोंग्याने दुसऱ्या डॉक्टरांचं वाक्य पुरतं होऊही दिलं नाही. आवाज गेला तर मी बाजारात काय टाळ्या वाजवू, असं तो म्हणाला.

रेडिएशन घेताना डोकं केसभरही हलून चालत नाही. म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून तिचा साचा घेतात आणि रोज तोच मुखवटा चढवून टेबलाला खटाखट अडकवतात. श्वास चालतो, पण जबडा उघडत नाही, पापणीही जाळीला घासते. पहिल्याच दिवशी भोंग्याने बाहेर येऊन खरखरत्या आवाजात दोन ओळी म्हटल्या होत्या:

जाळीत माझं नाक, जाळीत माझे ओठ,
ताई गं सांग त्यांना, सैल करा एक बोट.

टेक्निशियन पोट धरून हसला. ताईही हसली. पण दुसऱ्या आठवड्यात गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, मानेची कातडी लाल झाली, आणि टेबलावर चढताना त्याचे पाय मागे ओढ घ्यायला लागले. मग ताईने नेम धरला. जेवणाच्या सुट्टीत ती वर यायची, मुखवटा चढायच्या आधी त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "काम करतंय रे. अजून थोडं." तेवढ्या चार शब्दांवर तो आडवा व्हायचा.

ताईचं काम असं. पेशंटच्या गाठीतल्या पेशी जगवायच्या, त्या काचेसारख्या पारदर्शक डिशमध्ये पेरायच्या, काही डिशना किरण द्यायचे, काहींना नाही. चौदा दिवस हात लावायचा नाही. मग जांभळा रंग ओतायचा आणि मोजायचं. जी पेशी वाचली तिचं कुटुंब वाढून जांभळा ठिपका झालेला असतो. शंभरातले पाचसहा ठिपके उरले तर किरणांनी काम केलं. प्रत्येक पेशंटला नुसता नंबर, नाव कुणालाच माहीत नाही. आणि कोणत्या नंबराचा निकाल कुणाला सांगायचा नाही, हा तिथला पहिला नियम. निकाल अजून प्रयोगाच्या पोटातले, त्यावर कुणाचे उपचार बदलत नाहीत.

पण भोंग्याच्या फाइलवर चिकटवलेला चौतीस हा नंबर ताईच्या नजरेला एकदा पडला होता. पडलेलं पुसता येत नाही.

नवव्या बैठकीच्या दिवशी ती खाली आली, रंग ओतला, धुतला, आणि चौतीस नंबरची डिश उजेडावर धरली. जांभळा पाऊसच पडून गेला होता. तिने दोनदा मोजलं. शंभराला एक्केचाळीस.

जनुकांचा अहवाल शेजारीच होता. कीप-वन नावाच्या जनुकात बिघाड. हे जनुक पेशीच्या आतला चौकीदार. संकट नसताना बचावाची यंत्रणा तो दाबून ठेवतो. चौकीदारच मोडला तर यंत्रणा रात्रंदिवस चालू. किरण पेशीत विष तयार करतात, आणि ही पेशी ते विष धुऊन पुन्हा उभी राहते. ताईने हे वाक्य नव्या मुलींना कितीदा समजावलं होतं. आज ते तिने अहवालावर बोट ठेवून स्वतःलाच समजावलं.

तिला एकच आशा होती, चूक झाली असावी. प्रयोगशाळेत सगळ्यात जुनी चूक म्हणजे झाकणावर नंबर लिहिणं. झाकणं इकडची तिकडे होतात आणि एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर चढतं. ह्याच चुकीसाठी ताईने वीस वर्षं सगळ्यांचे कान उपटले होते. आता तिने मनोमन विनवलं की निदान ह्या एका वेळी आपण घाईत झाकणावर लिहिलेलं असू दे. तिने डिश उलटी केली. तळावर, कडेला, तिच्याच वळणदार अक्षरात चौतीस होतं.

तिने त्याच दिवशी पुन्हा पेशी पेरल्या. पुन्हा चौदा दिवस.

ते चौदा दिवस ती कात्रीत सापडल्यासारखी जगली. सांगावं तर भोंगा टेबलावरून उतरणार, आणि अर्ध्यात सोडलेलं रेडिएशन म्हणजे गाठीला मोकळं रान. न सांगावं तर रोज दुपारी तेच चार शब्द. ती जिना चढायची, कपाळावर हात ठेवायची, आणि शब्द कोरड्या तोंडातून बाहेर यायचे. तो डोळे मिटून आडवा व्हायचा. खटाखट आवाज झाला की तिला वाटायचं, आपल्याही जबड्यावर काहीतरी चढलं. घरी भावजय विचारायची, तुमच्या लॅबमध्ये काय कळतं का हो? ताई भांडी घासायला उठायची.

एकोणिसाव्या बैठकीच्या दिवशी दुसरी डिश रंगली. एकोणचाळीस.

ती तशीच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेली. मॅडम वयाने तिच्याहून लहान, पण शाळेच्या बाईंसारख्या कडक. नंबर आपल्या भावाचा आहे आणि आपल्याला ते पहिल्यापासून माहीत होतं, हे ताईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"ताई, ह्या अभ्यासात तुम्ही आता हात घालायचा नाही. मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"आणि डिश म्हणजे माणूस नव्हे. बाहेर रक्त असतं, शरीर असतं. एक्केचाळीस आले म्हणून तुमच्या भावाचं ठरलं असं नाही."

"पण मी रोज त्याला उलटं ठरलंय असं सांगतेय."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, निकाल मी डॉक्टरांना देऊ शकत नाही, पण बहीण म्हणून तुम्ही त्यांना मधला स्कॅन लवकर करा असं म्हणू शकता, तेवढं कुणीही म्हणू शकतं. ताईने तसं म्हटल्यावर रेडिएशनच्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोमवारची तारीख लिहून दिली. सर्जनलाही त्या दिवशी बोलावतो म्हणाले.

विसाव्या बैठकीला भोंगा टेबलापाशी उभा राहिला, कपाळ पुढे केलं. ताईचा हात वर गेला नाही. टेक्निशियनला तिने दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं, आणि डिश, चौकीदार, एक्केचाळीस, एकोणचाळीस, सगळं सांगितलं. कदाचित काम करत नसेल. कदाचित सर्जनच लागेल. सोडलंस तर मात्र नक्कीच वाईट.

भोंगा मुखवट्याकडे पाहत राहिला. त्याचाच चेहरा, आतून पोकळ.

"कधीपासून माहितीय?"

"नवव्यापासून."

त्याने बोटांवर मोजलं. "दहा वेळा मी तुझ्या शब्दावर ह्यात गेलो."

मशीनच्या पंख्याचा घूं घूं आवाज तेवढा चालू होता.

"आवाज जाईल?"

"जाऊ शकतो."

तो टेबलाच्या कडेवर बसला, पाय लोंबकळत ठेवून, लहानपणी ओट्यावर बसायचा तसा. मग त्याने टेक्निशियनला हाक मारली. हाक कसली, फाटलेला वारा. ती दारापर्यंत पोचली नाही, म्हणून ताईनेच बोलावलं.

"तू बाहेर बस," भोंगा तिला म्हणाला. "कपाळाला हात नको. आता ह्या उरलेल्या चौदा मी माझ्या हिशेबाने घेतो. सोमवारी सर्जनशी बोलायचं ते मीच बोलेन, बोलता येतंय तोवर."

तो आपणहून आडवा झाला. ताई बाहेर आली. मागे जाडजूड दार मिटलं, वर तांबडा दिवा लागला. प्रयोगशाळेत आज तिला काम नव्हतं आणि आत शिरायची तिला सोय नव्हती. बाकावर बसून ती दाराकडे पाहत राहिली, दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवून.