नाव घेणारी बाई

सासूबाईंच्या हातातला अडकित्ता कट्टकन वाजला. कॉम्प्युटरमधली बाई नुकतीच खणखणीत आवाजात म्हणाली होती, "नमस्कार, धोंडीराम."

धोंडीराम म्हणजे माझे सासरे, आबा. कडा गावच्या साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर होते. आता काचबिंदूनं नजर गेली. पेपरसाठी कुणाला तरी गाठावं लागतं आणि तेच त्यांना जड जातं. मी वाचून दाखवते, पण मधेच दूध उतू जातं, माझ्या लेकीला, संस्कृतीला, शी लागते, आणि आबा "असू दे पोरी" म्हणत उठून जातात. म्हणून ती अंगणवाडीत असताना, आठवडाभर तासतास चोरून, मी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिममध्ये, बातम्या वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. सोबत एका मराठी बाईचा आवाज. आबांच्या नावानं खातं उघडलं. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. बोटांनी घेतलेलं कोण धरतंय, असं मला वाटलं. चालू होताच ती बाई ते मोठ्यानं म्हणेल, हे डोक्यातच आलं नाही.

"कोण हाय ही?" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही, यंत्र आहे.

"यंत्र हाय तर नाव कावून घेती? तेबी अरेतुरे."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव एकदाच घेतलंय, लग्नातल्या उखाण्यात. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की त्या माझ्याकडे बघतात, मी दुकानदाराकडे बघते आणि कार्ड पुढं करते. आणि ही परकी बाई आल्या आल्या सुरू. त्यात आबा गालात हसले, ते तर फारच नडलं. बाई घालव, बाप्या आण, असं फर्मान निघालं.

मी बाईचा आवाज काढायचा आदेश दिला. कॉम्प्युटरनं सोबत काय काय जाईल त्याची लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, खरंच काढू? संस्कृती मांडीवर चढत होती. मी यादी न वाचताच 'हो' दाबलं. बाई गेली, आणि तिच्यासोबत वाचून दाखवणारं सगळं सॉफ्टवेअरही गेलं. परत टाकावं तर नेट बंद.

संध्याकाळी आबा खुर्चीत बसले, कान पुढं करून. दोनदा कळ दाबून पाहिली. मग पेपर उचलला, नाकाला लावला, उजेडाकडे फिरवला आणि नीट घडी घालून ठेवला. हाक कुणालाच मारली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आत्याबाई दारातून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी नेट आलं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आन तिला परत. बाप्याचं ऱ्हाऊ दे. पण नाव न्हाई घ्यायचं तिनं."

मग काय लिहू? मी 'अहो' टाकून पाहिलं. बाई लाडात म्हणाली, "नमस्कार, अहो."

"ते माजं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी 'संस्कृतीचे आजोबा' यावर तडजोड झाली. बाईनं ते निमूट म्हटलं आणि बाजार समितीच्या बातमीला लागली. आबांनी तीच बातमी तीनदा ऐकली, कुणालाही न विचारता. आत्याबाई मोसंबी सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होत्या.

संस्कृती बराच वेळ आजीच्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मम्मी, आजीनं आबांचं नाव घेतलं तर ऐकायला कसं वाटतं गं?"